हिरव्या बांगड्यांची आजी

घोडेगावच्या स्टँडाबाहेर, रसाच्या गुऱ्हाळाशेजारी, रामनाथची जीप उभी असायची. वरच्या वाडीला जाणारी येष्टी दिवसातनं एकदाच, ती बी डायवरच्या मर्जीवर. म्हणून सगळी वाडी रामनाथच्या जीपमधी. माणूस मोठा तापट. मागं सीटावरनं भांडण लागलं की भर घाटात ब्रेक दाबायचा आन् म्हणायचा, "उतरा खाली. दोघं बी. हितं मोकळं रान हाय, हितं भांडा."

पण पुढचं, त्याच्या शेजारचं सीट एका बाईसाठी राखलेलं असायचं. ती यायची त्या दिवशी पुढाऱ्याचा पावणा आला तरी त्याला मागं, धान्याच्या पोत्यावर.

ती बाई म्हंजी सुग्रा मणेर. जुन्नरची. पोरांसाठी पुस्तकं लिव्हायची.

मणेर म्हंजी बांगडीवाले मुसलमान. सुग्राची आई, हलिमाबी, डोक्यावर टोपली आन् खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन ह्या डोंगरात पायी फिरायची. लगीन असो, सण असो, वाडीतल्या बायांचे हात तिनंच भरायचे. बारकी सुग्रा परकर सावरत आईच्या मागं मागं. आई हात भरायची आन् बाया बोलायच्या. बांगडी चढताना हात दुखतो ना, मंग बाई बोलती. सासूचं बोलती, माहेरचं बोलती, हरवलेल्या म्हशीचं बोलती. पोरगी बाजूला बसून सगळं कानात भरून घ्यायची. ती मोठी झाली, शिकली, टोपली सुटली. ऐकायचं काय सुटलं न्हाई.

तिच्या पुस्तकात सगळी पोरं एका बाकावर. डोंगरातली भागू, नारायणगावच्या मारवाडी दुकानदाराचा नातू, जुन्नरच्या तांबोळ्याची लेक. ईदच्या खिरीला भागू घरचा तांदूळ घेऊन जायची आन् दिवाळीला तांबोळ्याची लेक किल्ला करायला माती कालवायची. उपदेश कुठंच न्हाई. भांडणं मात्र भरपूर. रामनाथनं सातवीतच शाळेला रामराम केल्ता, पण तिची पुस्तकं त्यानं सगळी वाचलेली. जीप भरायची वाट बघत बसलं की दुसरं करायचं काय? एकदा तर तो वाचण्यात इतका गुतला की गाडी भरून माणसं आरडाया लागली तरी ह्याचं आपलं, "थांबा रं, तेवढं पान होऊ द्या."

आन् त्या बाईची एक रीत व्हती. पुस्तक छापायच्या आधी ती ज्याच्या घरातली गोष्ट असंल त्याच्या दारात जायची. मांडी घालून बसायची आन् वाचून दाखवायची. घरच्यांनी म्हणायचं, हितं चुकलं, हितं बरोबर. म्हातारीनं म्हणलं तरी ऐकायची, शेंबड्या पोरानं म्हणलं तरी ऐकायची.

"रामभाऊ, मागच्या येळंला नारायणगावला गंमत झाली," एकदा ती घाटात सांगत व्हती. "मांगीलालशेठच्या दुकानापुढं बसून वाचत व्हते. गोष्टीतला त्यांच्या नातवासारखाच पोरगा, अंधार पडल्यावर दोस्ताच्या घरी भजी खातो. शेठ आपले मान डोलवतायत. तेवढ्यात आतनं त्यांची सून चेतना म्हणली, 'ताई, पोराला उपाशी झोपवा हवं तर, पण दिवस मावळल्यावर भजी नका चारू. आमच्यात न्हाई चालत.'"

"मंग?"

"मंग काय, गोष्टीतला सूर्य वर काढला. भजी दुपारची केली."

"कशाची व्हती?"

"तिथंच तर! मी कांद्याची लिव्हली व्हती. शेठ म्हणले, कांदा बी नको, बटाटा बी नको, मिरचीची करा. आन् पोरगं रडलं पायजे मिरची लागून, तरच आमच्या अरिहंतवाणी वाटंल."

मागं बसलेली सगळी जीप हसली. ते पुस्तक मांगीलालशेठनं वर्षभर गल्ल्याशेजारी मांडून ठेवलं व्हतं. गिऱ्हाईकाला साखर मोजता मोजता सांगायचे, "ही मिरचीची भजी आमची हायेत बरं का."

तर अशी ही सुग्राताई. गेल्या पावसाळ्यात तिनं एक नवी गोष्ट धरली. भाताच्या आवणीची. खाचरातल्या चिखलात वाकून रोपं लावणारी एक आजी आन् तिच्या मागं मागं तिची नात. ती आजी म्हंजी धोंडाबाई, रामनाथची आई. वाडीत आवणीला तिच्या हाताशी बरोबरी कुणी केली न्हाई. जवान पोरी मागं पडायच्या आन् म्हातारी पार बांधाला पोचलेली असायची.

सुग्राताईनं ती गोष्ट रीतीपरमाणं धोंडाबाईला वाचून दाखवली. म्हातारी ऐकून म्हणली, "सगळं झ्याक हाय. पण ही आजी लई गप हाय. मी गप असते व्हय? मी शिव्या देते. शिव्या घाल."

"मावशी, पोरांचं पुस्तक हाय."

"पोरं काय शिव्या ऐकत न्हाईत? रामाची जीप भरली की काय देवाचं नाव घेतो का त्यो?"

शेवटाला असं ठरलं की आजीनं बेडकाला बोलायचं. रोप लावायच्या जागी बेडूक बसला की आजी वराडते, "ऊठ रं मेल्या, तुझ्या बापाची जागा हाय का?" म्हातारी खूश. शब्दांचं काम झालं. चित्रं तेवढी राहिली व्हती. ती पुण्याची एक पोरगी काढणार व्हती.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, थंडी पडली. एक दिवस सुग्राताई पिशवी पोटाशी धरून जीपमधी बसली. एरवी घाट चढस्तोवर तिची बडबड सुरू, त्या दिवशी तोंडातनं शब्द न्हाई.

"ताई, बरं न्हाई का?" रामनाथनं इचारलं.

"बरं हाय. घरी चला, मंग बोलू."

घरी पडवीत धोंडाबाई नाचणी निवडत बसली व्हती. रामनाथची बायको रत्ना चुलीपाशी, पोरगी नूतन शाळेतनं नुकतीच आल्ती. सुग्राताईनं पिशवीतनं पुस्तक काढलं. छापखान्यातनं आलेली नमुन्याची एकच प्रत. नूतननं झडप घालून ती घेतली आन् पान उघडलं.

काय चित्र व्हतं! हिरवंगार खाचर, काळा चिखल आन् त्यात खुपसलेले दोन हात. आजीचेच. शिरा उठलेल्या, नखात माती. धोंडाबाईला बघून काढल्यासारखे. आन् त्या हातात, मनगटापासनं वर, हिरव्या काचेच्या बांगड्या. चिखलाचे शितोंडे उडालेल्या. पान उलटलं तरी त्याच. पानापानावर त्याच.

नूतन सुग्राताईला पटकन बोलून गेली, "आपा, आमच्या आजीच्या हातात बांगड्या कुठंयत?"

नाचणी निवडायचं थांबलं.

रामनाथचा बाप जाऊन लई वरसं झाली व्हती. तवापासनं धोंडाबाईचे हात मोकळे. ग्रामसभेत मागं ठराव झाला व्हता, विधवा बाईच्या बांगड्या काढायच्या न्हाईत म्हणून. टाळ्या बी वाजल्या. पण ज्या बायांचे हात आधीच मोकळे झालेले, त्यांना कुणी इचारलं न्हाई आन् त्यांनी बी इचारलं न्हाई.

रामनाथ तापला. "ताई, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुमी मणेराची लेक! कुणाच्या हातात काय असतं ह्ये तुमाला सांगाया पायजे? वाडीत ह्ये पुस्तक आलं तर लोकं माझ्या आईला हसतील. म्हणतील, म्हातारीला आता नटायचं सुचलं."

"चितारणाऱ्या पोरीला ठावं नव्हतं," सुग्राताई म्हणली. "चूक तिची न्हाई, माझी हाय. मला पयल्या दिवशीच दिसलं. खोडायला पेन उचललं, रामभाऊ, आन् हात चालंना. म्हणून तशीच घेऊन आले. आता मावशी सांगतील ते. त्या नको म्हणल्या तर चित्रं रद्द."

"आन् छापायचं कवा हाय?"

"सोमवारी. मालकाचे फोनवर फोन चाललेत. पण माझी रीत तुमाला ठावं हाय. वाडीत अशी आजी नसंल तर मी छापू कशी? मोठ्यांना फसवता येतं, पोरं लगीच धरतात. ही बघा, नूतननं पयल्या पानाला धरलं."

"मंग रद्द करा," रामनाथ म्हणला. "मिटलं."

धोंडाबाईनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसला आन् पुस्तक मांडीवर घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. ती चित्रातल्या बांगड्यांवरनं बोट फिरवत बसली. एकेकीवरनं, जशा मोजाव्यात तशा.

"सुग्रे," ती म्हणली, "तुझी आई तुला ध्यानात हाय का, हितं यायची ती?"

"हाय की."

"ह्याचा बाप गेला, त्याच्या पुढच्या संक्रांतीला हलिमा आली. समद्या घरी गेली. मला वाटलं, माझ्या दारावरनं तशीच जाणार. विधवेच्या दारात बांगडीवाली कशाला थांबंल? मी आत जाऊन बसले. तर ही बया आली, टोपली बाहेर तुळशीपाशी ठेवली, वर फडकं झाकलं आन् आत आली. म्हणली, धोंडे, च्या टाक. आन् च्या पिताना माझा हात धरला. बांगडी भरायच्या आधी कसा हात चेपायची, एकेक सांधा, तसा चेपला. दोन्ही हात चेपले. म्हणली, हात आखडू देऊ नको गं. बस, तेवढंच. मंग टोपली उचलली आन् गेली."

रत्ना चुलीपाशीच उभी व्हती, हातात फुंकणी तशीच.

"त्याच्यापुढं मरस्तोवर दर वरसाला आली," म्हातारी म्हणली. "दर वरसाला च्या आन् दर वरसाला हात चेपायचा. बांगडी कधी भरली न्हाई, पण हात कधी चुकवला न्हाई. तू बारकी व्हतीस, तुळशीपाशी टोपली राखीत बसायचीस."

"मला आतलं दिसायचं, मावशी," सुग्राताई म्हणली. "टोपलीजवळनं सगळं दिसायचं."

म्हंजी सुग्राताईचं पेन का चाललं न्हाई ते असं व्हतं. रामनाथ ह्या घरात वाढला, ह्याच पडवीत खेळला, पण ह्यातलं त्याला काय बी ठावं नव्हतं. बांगडीवाली आली की पोरं रानात पळायची. बायांचं काम ते.

"तर चित्र राहू दे," धोंडाबाई म्हणली.

"आयं, लोकं—"

"थांब की जरा. हिची रीत काय हाय? वाडीत हाय तेच छापायचं. मंग चित्र कशाला बदलायचं? हात बदलू. रामा, तू आता घोडेगावला फेरी मारणार ना? येताना हिरव्या बांगड्या आण. ही हितंच हाय, भरंल."

"येडी झालीस का तू?"

"तुला बेडूक म्हणू का?"

नूतन फिदीफिदी हसली. रामनाथ पाय आपटत बाहेर गेला, जीपला किल्ली मारली. रत्ना मागनं पळत दारापर्यंत आली. "आवं, आत्यांचं माप माझ्यापेक्षा मोठं हाय. माझ्या मापाच्या नका आणू."

घाट उतरताना रामनाथच्या डोक्यात एकच चाललेलं. दुकान बंद व्हतं म्हणून सांगावं. आज न्हाई तर उद्या, उद्या न्हाई तर परवा, तवर सोमवार निघून जाईल, बाई चित्रं बदलंल, म्हातारी इसरंल. सोपं व्हतं. त्याला स्वतःला पटलं बी. घोडेगावात उतारू उतरवले, जीप लावली, आन् चहा प्याला. मंग बसला पुढच्या सीटाकडं बघत. त्या सीटावर बसून त्या बाईनं नारायणगावच्या भज्यासाठी सूर्य वर काढला व्हता. कुणाच्या घरची चार भजी चुकू नयेत म्हणून. आन् हितं आपल्याच आईचं...

तो उठला आन् मंगलाबाईच्या कटलरीच्या दुकानात शिरला. मंगलाबाई मूळच्या मारवाडच्या, पण घोडेगावात जन्म गेलेला. कंगवे, रिबिनी, टिकल्या आन् भिंतभर बांगड्या.

"या भाऊ. रत्नाला का?"

"हिरव्या दाखवा."

"माप?"

"माप... मोठं. शेतात राबल्याला हात हाय."

नेमका तवाच वाडीचा सावळेराम दुकानात सुई घ्यायला आल्ता. ज्याचं तोंड गप असलं की लोकं म्हणायची, आजारी हाय काय. त्यानं बघितलं आन् सुरू झाला, "काय राव रामनाथ! बांगड्या भरतोस व्हय आता? मी म्हणतच व्हतो, घाटात परवा पुण्याच्या गाडीला साईड दिलीस तवाच."

मंगलाबाई हसल्या. रामनाथ वळला. आता त्याला वाटलं असतं तर म्हणता आलं असतं, बायकोला. कुणी पुढं इचारलं नसतं.

"माझ्यासाठी न्हाईत," तो म्हणला. "आईसाठी हायेत. धोंडाबाईसाठी. हिरव्या. ऐकलंस ना? जा आता, वाडीभर सांग. न्हाई, थांब, माझ्याच जीपमधनं चल, लवकर पोचशील."

सावळेराम सुई हातात घेऊन उभाच्या उभा. मंगलाबाईंनी काढलेल्या बांगड्या परत टांगल्या आन् वरच्या खणातनं दुसऱ्या काढल्या. "ह्या घ्या. जाड काचेच्या. कामाला टिकतील. सोनेरी ठिपक्याच्या देऊ का साध्या?"

"चित्रात साध्या हायेत," रामनाथ म्हणला.

सावळेराम त्या दिवशी घाटभर गप बसला. मागच्या बायांनी दोनदा इचारलं, "भाऊ, पोटात दुखतंय का?"

दिवस मावळायच्या आत जीप वाडीत पोचली. पडवीत सुग्राताईनं पोतं अंथरलं, मांडी घातली आन् धोंडाबाईचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. रत्नानं साबणाचं पाणी आणलं तर म्हणली, "नको. साबणानं हात निसटतो. मावशी, तुमी बोला काय तरी."

"काय बोलू?"

"बेडकाशी बोला."

आन् म्हातारी सुरू झाली. बेडकापासनं जी निघाली ती सासूवर गेली, सासूवरनं नणंदेवर. पुस्तकं लिव्हून लिव्हून मऊ पडलेली ती बोटं, पण सांधा बरोबर धरत व्हती. अंगठा आत दाबायचा, हाडं जवळ आणायची, बांगडी फिरवायची आन् शिवीच्या ऐन मोक्याला वर सारायची. म्हातारीला कळायच्या आत बांगडी मनगटात. रामनाथ खांबाला टेकून बघत ऱ्हायला. एवढ्या खेपा ह्या बाईला आणलं-नेलं, तिच्या हातात पुस्तकं बघितली, पिशव्या बघितल्या, पण त्या हातात ह्ये सगळं अजून जिवंत असंल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

एक बांगडी कट्ट झाली.

"वाढली," दोघी एकदमच म्हणल्या. बांगडी फुटली म्हणायचं नसतं.

दोन्ही हात भरून झाले. सुग्राताई म्हणली, "आई शेवटाला एक बांगडी वरची घालायची. मोजणीतली न्हाई, आपल्याकडची." तिनं स्वतःच्या हातातली एक काढली. लाल व्हती. ती धोंडाबाईच्या उजव्या हातात चढवली. हिरव्यात एक लाल. धोंडाबाईनं वाकून तिच्या हाताला कपाळ लावलं, जशी प्रत्येक बाई हलिमापुढं लावायची. सुग्राताईनं तो हात तसाच धरून ठेवला आन् एकेक सांधा चेपत बसली.

नूतन पुस्तक घेऊन समोर आली. चित्र बघितलं, आजीचे हात बघितले. "आपा, चित्रात लाल न्हाई."

"घालते, बाई, घालते," सुग्राताई डोळे पुसत म्हणली. "तुझ्यापासनं सुटका न्हाई."

रात्री काय वाडीत बोलायचं ते वाडी बोलली. नळावर एका बाईनं तोंड वाकडं केलं, तिच्याशी धोंडाबाई अजून बोलत न्हाई. सावळेरामनं मात्र कुणाला काय सांगितलं न्हाई, ही खरी नवलाची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामनाथ अंगणात जीपच्या काचा पुसत व्हता. थंडीनं काचेवर धुकं बसलं व्हतं. आतनं चुलीपाशी बांगड्या वाजल्या. भांड्याला लागल्या, परत वाजल्या.

"रत्ने," तो बाहेरनं वराडला, "च्या झाला का?"

"रत्ना पाण्याला गेलीय," आतनं आवाज आला. "मी हाय."

रामनाथचा फडका काचेवर तसाच ऱ्हायला. परत बांगड्या वाजल्या. पोरगा असताना, अंथरुणात डोळे मिटून पडलं की सकाळ झालेली ह्याच आवाजानं कळायची. तो आवाज ह्या घरातनं गेला व्हता आन् गेलाय ह्ये त्याला आज, परत ऐकल्यावर कळलं.

त्यानं खिशातनं फोन काढला आन् रातीच जुन्नरला सोडून आलेल्या सुग्राताईला लावला. "ताई, रामनाथ बोलतोय. छापा. सोमवारची वाट कशाला बघता? वाडीत अशी आजी हाय."

तिकडनं सुग्राताई काय तरी म्हणत व्हती, पण त्याला ऐकू आलं न्हाई. धोंडाबाई दारात आल्ती, कमरेवर हात, दोन्ही मनगटं हिरवीगार.

"तिथं काय बसलास बेडकावाणी? च्या निवतोय!"